मंगळवारच्या पाण्याची वही

परम कृपाळू आणि दयाळू अल्लाच्या नावाने.

मी वस्फिय्या, यूसुफ अल-करदान यांची मुलगी, मरहूम सुलेमान यांची विधवा, वय वर्षे एकाहत्तर, काम घर सांभाळणे, शिक्षण तौजीही म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा पास (सन १९७२, गणितात शंभरपैकी एक्याण्णव), राहणार अम्मान, रुम्मान टेकडी, मोठ्या जिन्यावरची तिसरी इमारत, दुसरा मजला. गल्लीत मला उम्म नायेफ, म्हणजे नायेफची आई, या नावाने ओळखतात किंवा वयाच्या मानाने हाज्जा म्हणतात. मी साक्ष देते की अल्ला एक आहे, मुहम्मद त्याचे प्रेषित आहेत, मरण खरे आहे आणि मरणानंतर द्यावा लागणारा जाब त्याहून खरा आहे. तो जाब देण्याआधी इथला द्यावा म्हणून हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत टाचला आहे. दाखल्यावर ज्यांचा विश्वास नसेल त्यांनी माझी वही उघडून गेल्या मंगळवारची नोंद वाचावी. येत्या रविवारी माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही. मी त्यांना विचारले, "शंभरातल्या किती बायका घरी परत जातात?" ते म्हणाले, "हाज्जा, असं कुणी विचारत नाही." मी म्हणाले, "मी विचारतेय." मग त्यांनी आकडा सांगितला. आकडा चांगला आहे, पण शंभर नाही. म्हणून हा कागद.

१. देहाविषयी. माझी मय्यत धुवायला गच्चीवरच्या टाकीतलेच पाणी घ्यावे. टँकर मागवू नये. मी सोमवारी गेले तर टाकी तळाला असेल, तरी पुरते. वाहत्या नदीकाठी बसूनही वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, पाणी जपून वापरावे अशी आपल्याला शिकवण आहे, आणि आपल्या गल्लीत तर नदी आठवड्यातून एकदाच येते. कफनाचे कापड कपाटात खालच्या खणात आहे, हजहून आणलेले, जमजमच्या पाण्यात भिजवून वाळवलेले. नवे घेऊ नये. भेटायला येणाऱ्यांना तीन दिवस कडू कॉफी आणि खजूर. मंडप नको, मनसफची म्हणजे मटण-भाताची पातेली नकोत. नायेफ म्हणेल, "यम्मा, लोक काय म्हणतील?" लोक मनसफ खाऊन जे म्हणतात तेच खजूर खाऊनही म्हणतात. तेवढ्या पैशांत मशिदीत वजू करायच्या जागेचे चारही गळके नळ बदलावेत. ते गळतात हे मी इमामसाहेबांना तीनदा सांगितले आहे.

२. घराविषयी. राहता मजला माझ्या नावावर आहे. लग्नातले सोने मोडून घेतला आणि मरहूम सुलेमानने चाळीस वर्षे मोटारींच्या गाद्या शिवून तो उभा ठेवला. याची वाटणी शरीयतीप्रमाणे होईल. मुलगा नायेफ याचे दोन हिस्से, मुलगी जुमाना हिचा एक. जुमानाने एकदा मला यावर प्रश्न विचारला होता. मी तिला गप्प बसवले नाही. मी म्हणाले, "मेल्यावरचं माझ्या हातात नाही, जिवंतपणीचं आहे." त्याच वर्षी उरलेला हार मोडून तिला विद्यापीठात घातले. आज ती शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तेव्हा कुणी कुणाला कमी मिळाले म्हणून तोंड फिरवू नये. बापाची शिवणयंत्रे नायेफने घ्यावीत, विकू नयेत. त्याला शिवता येत नाही हे मला माहीत आहे.

३. माझ्या शब्दावर फक्त एक तृतीयांश जाऊ शकतो आणि तोही वारसांना नाही, बाहेरच्यांना. हा नियम मी तौजीहीच्या पुस्तकात वाचला तेव्हा कंटाळवाणा वाटला होता. आता मात्र तो माझ्या फार उपयोगी पडत आहे. कसा ते सांगण्याआधी वहीचे सांगावे लागेल. वाचणाऱ्याने घाई करू नये.

सन २०१९ च्या सप्टेंबरात पाण्याच्या कार्यालयाने गल्लीतले जुने मीटर काढून आकडे उजळणारे नवे बसवले. आमच्या टेकडीवर पाणी आठवड्यातून एकदा येते, मंगळवारी. त्या दिवशी टाक्या भरतात, धुणी निघतात, जिने धुतले जातात. लग्नसुद्धा कुणी मंगळवारी धरत नाही. नवा मीटर आला आणि पहिल्याच बिलात आमचे पाणी सव्वापट झाले. घरात माणसे तितकीच, टाकी तीच, आणि मी तर भांडी घासलेल्या पाण्याने जिना धुणारी बाई.

नायेफ एका बँकेत संगणकाचे काम पाहतो. तो म्हणाला, "यम्मा, जुना मीटर म्हातारा झाला होता, कमी मोजायचा. हा नवा आहे. यंत्र खोटं बोलत नाही." त्याने माझ्या मोबाइलवर कार्यालयाचे ते अ‍ॅपही घालून दिले. दर मंगळवारी संध्याकाळी त्यावर संदेश येई: आज आपल्या घरी साडेपाच तास पाणी आले.

मी म्हणाले, "साडेपाच तास मी घरीच होते रे. ही पाण्याची पाहुणी पाचच तास बसली."

समोरच्या तळमजल्यावर अबू रातिब राहतात. आयुष्यभर टॅक्सी चालवली, त्यामुळे शहरातला प्रत्येक माणूस कसा लबाड आहे हे त्यांना तोंडपाठ. त्यांनी जिन्यात उभे राहून सगळ्यांना ऐकवले, "चोर आहेत, मंत्र्यापासून शिपायापर्यंत! मीटरमध्ये चिप घातलीय, चिप!" त्यांनी अर्ज तयार केला. त्यात आमच्या गल्लीचे मीटर वाचणाऱ्या माणसाचे नाव घालून लिहिले होते की तो लाच खातो. अठ्ठावीस घरांनी सह्या केल्या. माझ्या दारात आले तेव्हा मी विचारले, "तुम्ही पाहिलंत त्याला खाताना?"

"पाहायला कशाला हवं? सगळ्या जगाला माहितीय."

"मला नाही माहिती. मी सही करणार नाही."

"असं होय," ते म्हणाले. "किती दिले त्यांनी तुम्हाला, उम्म नायेफ?"

त्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा दिले नाही, दार लावून घेतले. इथे देते: काही नाही. आणि ज्या माणसाचे नाव त्या अर्जात होते त्याची बदली झाली. त्याने खाल्ले होते की नव्हते हे आजपर्यंत कुणालाच कळलेले नाही, अठ्ठावीस सह्या करणाऱ्यांनाही नाही.

पुढच्या मंगळवारी सकाळची नमाज आटोपून मी बुटके स्टूल घेतले आणि जिन्याच्या तळाशी मीटरसमोर जाऊन बसले. सोबत शाळेची एक वही आणि भिंतीवरचे घड्याळ. लोक जाता येता म्हणत, "हाज्जा, कुणाची वाट बघताय?" मी म्हणे, "पाण्याची." खोटे नव्हते. पावणेदहाला नळातून शिट्टी सुरू झाली. ही शिट्टी टेकडीवरच्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. ती वाजली की आम्ही कपडे भिजवायला टब मांडतो. पाणी येण्याआधी आठवडाभर रिकाम्या राहिलेल्या नळांतला वारा बाहेर पडतो, त्याची ती शिट्टी. आम्ही ती जन्मभर ऐकली, तिच्याकडे कधी पाहिले नाही. त्या दिवशी मी मीटरकडे पाहत होते. शिट्टी वाजत होती, पाण्याचा थेंब नव्हता आणि आकडे धावत होते. सत्तावीस मिनिटे धावले. मग पाणी आले.

मी घरी येऊन नायेफला फोन केला. "तुझं यंत्र खोटं बोलत नाही, बरोबर आहे तुझं. पण त्याला वारा आणि पाणी यांतलं वेगळेपण कळत नाही."

तो हसला. "यम्मा, तू एक दिवस पाहिलंस."

हे त्याचे बरोबर होते. म्हणून मी दर मंगळवारी पाहायला लागले. वहीत पाच रकाने: शिट्टी किती वाजता, पाणी किती वाजता, शिट्टीच्या सुरुवातीचा आकडा, पहिल्या पाण्याचा आकडा, शेवटचा आकडा. सहा वर्षांत चार वह्या भरल्या. हजला गेले तेव्हाचे तीन मंगळवार कोरे आहेत. शेजारणीने म्हटले होते, "आधीच्यासारखंच काहीतरी भर की." अल्लाच्या घरी जाऊन आलेली बाई अंदाजाने आकडे भरेल काय?

कुणी मला यंत्राची वैरीण म्हणू नये. मोबाइलवरच्या नमाजाच्या वेळा मी रोज पाहते, आणि डोळ्यांचा चष्मा, फ्रीज आणि रविवारी माझी छाती उघडणारे यंत्र यांच्याविषयी माझे काही भांडण नाही. यंत्राला जे विचारले तेच ते सांगते. विचारणारा कोण आणि काय विचारले, एवढे मला पाहायचे असते.

४. हातमोजा. मीटरशेजारी जिना धुण्यासाठीचा एक नळ आहे. बाजारातून भांडी घासायच्या पिवळ्या रबरी हातमोज्यांची जोडी आणली, एक मोजा त्या नळाला रबराने आवळला आणि नळ उघडून बसले. शिट्टी सुरू झाली तसा मोजा फुगू लागला, आधी अंगठा, मग एकेक बोट, आणि बघता बघता वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीसारखा हात वर करून ताठ उभा राहिला. शेजारी मीटर पळत होता. मी बघत राहिले म्हणून नळ बंद करायचे विसरले आणि मोजा फुटला. जोडीतला एक गेला याची मला आजही चुटपुट आहे. दुसरा जपून वापरते.

५. विषाची गोष्ट. हिचा या कागदाशी संबंध आहे, म्हणून लिहिते. सन २०२१ च्या उन्हाळ्यात मोबाइलवर एका बाईचा रडवेला आवाज फिरला: टेकडीच्या पाण्यात विष कालवले आहे, माझा मुलगा दवाखान्यात आहे, टाक्या ओता. अबू रातिब यांनी तो सगळ्या गल्लीला पाठवला. दुपारपर्यंत लोकांनी भरलेल्या टाक्यांच्या तोट्या उघडल्या आणि आठवड्याचे पाणी मोठ्या जिन्यावरून खाली वाहत गेले. पायऱ्यांवरून झरा पडावा तसे. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मी अबू रातिब यांच्या दारात गेले.

"ही बाई कोण?"

"कुणाची तरी आई आहे बिचारी."

"मुलगा कुठल्या दवाखान्यात?"

"उम्म नायेफ, तुम्हाला कशातच दया नाही."

मी टाकीतले पाणी बरणीत भरून जुमानाच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत नेले. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तपासले. होते ते क्लोरीन, नेहमीचेच. तो आवाज दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच देशातून फिरलेला होता, हे नायेफने शोधून दिले. यंत्राचा असाही उपयोग असतो. पुढचे चार दिवस अख्खी गल्ली टँकरवाल्याच्या पाया पडत होती, आणि अबू रातिब यांची बायको रोज माझ्याकडून दोन बादल्या नेत होती. त्या चार दिवसांत आमच्यात एकही वाकडा शब्द झाला नाही. पाणी दिल्याचा उल्लेख मी आजपर्यंत कुणापाशी केला नव्हता. आता केला, अल्ला माफ करो.

अबू रातिब यांना मी माझे निळे पिंप देणार होते, म्हणजे पुढच्या वेळी पाणी ओतायचे झालेच तर गटारात न ओतता त्यात ओततील. पण त्यांना या कागदाचे साक्षीदार करायचे आहे आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही. साक्षीदार तेच हवेत. सरकारचे, मोबाइल कंपनीचे, डॉक्टरांचे, कुणाचेही लिहिलेले ते विश्वासाने घेत नाहीत. माझेही घेणार नाहीत. मला कुणी फूस लावली असे उद्या कुणी म्हटले तर त्यांच्या सहीपुढे ते टिकणार नाही.

६. भाऊ सफवान याच्याविषयी. गेल्या नगरपालिका निवडणुकीत आपल्या कबिल्याचा उमेदवार उभा होता. तो उमेदवार आमच्याकडे कुनाफा या मिठाईचे ताट घेऊन आला. मी त्याला विचारले, "जिन्याच्या कडेचं गटार कधी साफ होणार?" तो म्हणाला, "अल्लाच्या मर्जीने सगळं होईल, हाज्जा." दुसरी उभी होती ती औषधाच्या दुकानातली बाई, ना नात्याची ना गोत्याची. तिला तेच विचारले. ती म्हणाली, "मला माहीत नाही. दोन दिवसांत विचारून सांगते." तिसऱ्या दिवशी सांगायला आली, की गटार पालिकेचे नसून पाण्याच्या कार्यालयाचे आहे आणि अर्ज कुठे करायचा. मी तिला मत दिले. गुप्त ठेवता आले असते, पण सफवानने विचारले आणि मी खोटे बोलत नाही. तो दोन वर्षे माझ्याकडे जेवला नाही. सफवान, मी मेल्यावर तरी ये. मी तुझ्यावर रागावलेली नाही. पण हे वाक्य माफी मागितल्यासारखे वाचू नये. मत माझेच होते.

७. आता हनादी. हनादी माझी सून, नायेफची बायको. वारस नाही, म्हणून माझ्या तिसऱ्या हिश्शातून तिला देता येते.

सन २०२४ च्या ऑगस्टात ती इमारतीच्या मागे वाळत घातलेले कपडे काढायला गेली होती. परत आली ती पुदिन्याची जुडी घेऊन. मला म्हणाली, "खाला, मागच्या भिंतीच्या भेगेत एवढा हिरवागार पुदिना आहे. याला पाणी कोण घालतं?"

मी म्हणाले, "अल्ला घालतो."

ती म्हणाली, "ऑगस्टात? मग अल्लाचं पाणी आपल्याच मीटरमधून येतंय."

मी तिच्याशी चाळीस दिवस बोलले नाही. देवाचे नाव घेऊन थट्टा केली हे मी सगळ्यांना सांगितलेले कारण. खरे कारण हे होते की मी शब्द ऐकताक्षणीच समजले. गच्चीवर जाऊन पाहिले. टाकी भरल्यावर पाणी बंद करणारा तरंगता गोळा अडकला होता, आणि जादा पाणी मागच्या नळीने हळूहळू भिंतीवरून उतरत होते. किती दिवस, कोण जाणे. पुदिन्याच्या देठांवरून पाहता वर्ष दोन वर्षे तरी. म्हणजे बिलातली सगळी वाढ वाऱ्याची नव्हती. काही आमच्या गळक्या टाकीची होती. पाच वर्षे मी मीटरसमोर बसून दुसऱ्यांच्या चुका मोजल्या आणि माझ्या डोक्यावर पाणी गळत होते.

एकेचाळिसाव्या दिवशी मी तिला चहा करून दिला, त्याच पुदिन्याचा. दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलावला.

२०२५ च्या फेब्रुवारीत कार्यालयाने तक्रारींची सुनावणी ठेवली. तिथे अबू रातिब अर्धा तास बोलले. चिप, मंत्री, परदेशी कंपनी. साहेब लोक घड्याळाकडे पाहत होते. मग मला बोलावले. नायेफ कानात म्हणाला, "यम्मा, पुदिन्याचं सांगू नकोस. आपलंच म्हणणं पडेल." मी वहीचे पहिले पान उघडले आणि पहिले वाक्य पुदिन्याचेच बोलले. म्हणाले, "साहेब, यातला काही भाग आमच्या टाकीचा दोष होता. तो माझ्या सुनेने शोधला. तो वजा करून ही उरलेली वाढ वाऱ्याची आहे."

मागच्या रांगेतून अबू रातिब ओरडले, "संपलं! बाईनेच घालवलं!"

पण मुईन नावाचा एक तरुण इंजिनियर खुर्चीतून उठून माझ्या टेबलाशी आला. त्याने वही चाळली. हजच्या तीन कोऱ्या ओळींवर बोट ठेवून विचारले, "हाज्जा, या रिकाम्या का?"

"मी इथे नव्हते."

त्याने वही मिटून दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाला, "मंगळवारी मी येऊन बसलो तर चालेल?"

तो आला. मी त्याला स्टूल दिले, स्वतः पायरीवर बसले. पिवळा मोजा नळाला बांधला. मोजा हात वर करून उभा राहिला तेव्हा तो इतका हसला की वरच्या मजल्यांवरच्या बायका खिडक्यांत आल्या. मग त्याने मीटरचे धावते आकडे स्वतः लिहून घेतले. जाताना म्हणाला, "मीटर वाईट नाहीये, हाज्जा. पण तो चोवीस तास पाणी असलेल्या शहरासाठी केलाय. आम्ही हे विचारातच घेतलं नाही."

सरकारी माणसाने "आम्ही विचार केला नाही" असे म्हणताना मी आयुष्यात प्रथम ऐकले. त्याचा मला अभिमान वाटला, त्याचा आणि थोडा माझाही.

त्याने गल्लीतून येणाऱ्या नळाला मीटरच्या आधी वारा बाहेर सोडणारी झडप बसवून दिली, फक्त आमच्या इमारतीसाठी. कार्यालयाची अट अशी, की बावन्न मंगळवार सलग, उन्हाळा आणि हिवाळा धरून, नोंद मिळाली आणि फरक दिसला तर टेकडीवरच्या चारशे घरांना ती झडप लावतील. खंड पडला तर पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून करायला पुन्हा मंजुरी लागेल. मुईन मला स्पष्टच म्हणाला, "मंजुरी मिळेल असं मी सांगू शकत नाही." पहिला मंगळवार ६ मे. आजवर तेवीस झाले. आज चोविसावा. अठ्ठावीस उरतात आणि मला रविवारी दवाखान्यात जायचे आहे. मी परत आले तरी डॉक्टर दोन महिने जिना उतरू देणार नाहीत.

तरी माझ्या तिसऱ्या हिश्शातून मी सून हनादी हिला देते ते असे: माझ्या हातातल्या सोन्याच्या दोन बांगड्या, बुटके स्टूल, भिंतीवरचे घड्याळ, उरलेला पिवळा हातमोजा, आणि चार भरलेल्या वह्या व पाचवी चालू वही.

याविषयी मी तिला अजून विचारलेले नाही. बांगड्या वहीच्या बदल्यात नाहीत. वही नको म्हणाली तरी बांगड्या तिच्याच, आणि कुणी तिला "सासूची शेवटची इच्छा" असे म्हणून भरीला घालू नये. नायेफ, हे तुला सांगत आहे. नको म्हणाली तर वह्या मुईन साहेबांना द्याव्यात. पण मला विचाराल तर वही हनादीचीच आहे. जुमाना माझी मुलगी आहे, शास्त्र शिकलेली आहे, पण ती माझे म्हणणे खरे ठरावे म्हणून मोजेल. नायेफ यंत्राचे खरे ठरावे म्हणून मोजेल. अबू रातिब तर न मोजताच लिहितील. हनादीने माझ्या घरात उभे राहून, माझे मीठ खाऊन, माझ्या तोंडावर, माझ्याविरुद्ध जे दिसले ते सांगितले. तिला मी याहून मोठे काही देऊ शकत नाही, आणि याहून कमी देणेही बरे नाही.

हनादी, एकच सांगते आणि थांबते. आधी दिसेल ते लिही, मग वाटेल ते. वाटेल ते लिहायला वहीच्या शेवटी कोरी पाने ठेवली आहेत. आधीच्या वह्यांतली माझी तसली पाने वाचू नको. नाहीतर वाच.

८. माझी रोज्यांची कसलीही बाकी नाही. जकात दरसाल दिली. कुणाचे मन दुखावले असेल तर माफी मागते, सह्यांच्या त्या अर्जाबाबत मात्र मागत नाही. माझ्यासाठी फातिहा वाचताना मीटरवाल्या त्या बदली झालेल्या माणसासाठीही दुआ मागावी. तो जसा असेल तसा.

हा मजकूर मी कुणाच्याही धाकाने अथवा सांगण्याने लिहिलेला नाही. आज साक्षीदार, मुलगा, सून यांना घरी बोलावून मोठ्याने वाचून दाखवला.

पुरवणी, सही करण्यापूर्वी. मी सातवे कलम वाचत असताना, "बुटके स्टूल" या शब्दापाशी, खाली शिट्टी वाजली. हनादी उठली. तिने भिंतीवरचे घड्याळ खुंटीवरून काढले, वही घेतली आणि जिना उतरून गेली. आम्ही थांबलो. अबू रातिब म्हणाले, "आता या घरात मरायचं तरी पाण्याची वेळ बघून." इमामसाहेब हसले, मीही हसले, छातीत दुखले. पाणी आल्यावर ती वर आली. वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "खाला, तुमचं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे. मोबाइलशी ताडून पाहिलं."

नायेफ म्हणाला, "हनादी! आत्ता हे सांगायची वेळ आहे का?"

मी म्हणाले, "हीच वेळ आहे."

तरी इथे नोंदवून ठेवते की माझे घड्याळ दोन मिनिटे पुढे आहे, केव्हापासून ते माहीत नाही. शिट्टी आणि पाणी दोन्ही त्याच घड्याळाने लिहिल्यामुळे त्यांमधल्या अंतरात फरक पडत नाही. मुईन साहेबांना कळवावे. चूक माझी. शोधली हनादी हिने. हे लिहिताना मला जितके बरे वाटत आहे तितके गणितात एक्याण्णव मिळाले तेव्हाही वाटले नव्हते.

ठिकाण: अम्मान, रुम्मान टेकडी
दिनांक: मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

सही: वस्फिय्या यूसुफ अल-करदान

साक्षीदार पहिले: शेख मिदहत अल-बतायना, इमाम, टेकडीवरची मशीद. लिहिणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर सही केली. नळ या आठवड्यात बदलून घेतो, त्यासाठी कुणी मरायची गरज नाही.

साक्षीदार दुसरे: जमील, ऊर्फ अबू रातिब, निवृत्त टॅक्सीचालक. सगळे दोनदा वाचून सही केली. कलम तीन व पाचमधला माझ्याविषयीचा मजकूर मला मान्य नाही. बादल्या दोन नव्हे, तीन होत्या.

वही पाचवी, मंगळवार चोविसावा. शिट्टी १०:४१. पाणी ११:०५. दरम्यान मीटरचा आकडा हलला नाही. वेळा दुरुस्त घड्याळाच्या. नोंद करणार: हनादी.